मदरबोर्ड बसवताना

मुलांचा अभ्यास असो, ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान असो की बचत गटाचा हिशेब, कॉम्प्युटर लागतोच. तो घरी जुळवायचा म्हटलं की सगळ्यात भीती मदरबोर्डची वाटते. ती थोडी खरीही आहे. वापरून बोर्ड खराब व्हायला वर्षं लागतात, बसवताना मात्र तो मिनिटात जातो. आणि पिन वाकली असेल तर वॉरंटी सहसा मिळत नाही.

पहिला धोका डोळ्यांना दिसत नाही. आपल्या नांदेड-लातूरकडची हवा हिवाळ्यात आणि पुन्हा मार्च-एप्रिलमध्ये कोरडीठाक असते. सिंथेटिक साडी सोडताना चटचट आवाज येतो, स्वेटर काढताना केस उभे राहतात, ती स्थिर वीज. बोटाला झटका जाणवतो तेव्हा ती साधारण ३००० व्होल्टच्या घरात असते. बोर्डावरच्या चिपला त्याच्या कितीतरी कमी पुरते. म्हणजे आपल्याला काही कळलंच नाही आणि चिप गेली! म्हणून सुती कपडे घाला. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून मगच बोर्ड उचला, मधूनमधून पुन्हा लावा. धातूच्या बांगड्या काढून ठेवा, मंगळसूत्र आत खोचा. वाकलं की ते नेमकं बोर्डावर लोंबतं. काचेच्या बांगड्यांना हरकत नाही, पण एखादी फुटली तर तुकडे वेचत बसावं लागेल. आणि प्लग भिंतीतून काढलेलाच हवा, नुसतं बटण बंद करून भागवू नका.

बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, पंखा आणि रॅम आधी बसवून घ्या. हल्लीच्या बहुतेक बोर्डांत पिना सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि तो अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. रॅम मात्र खटका लागेपर्यंत दाबावी लागते. जुनी रॅम वापरून पैसे वाचवायचे असतील तर आधी तिची खाच बघा. डीडीआर३ची खाच डीडीआर४च्या जागी येत नाही. जोर केला तर स्लॉटच तुटेल.

आता कॅबिनेट. मागचा चौकोनी पत्रा आधी बसवा, तो विसरला तर सगळं पुन्हा उलगडावं लागतं. मग पितळी खुंट्या. बोर्डाच्या पाठीवर सोल्डरची टोकं असतात, ती पत्र्याला टेकली की शॉर्ट. म्हणून बोर्ड या खुंट्यांवर अधांतरी राहतो. बोर्डाला भोक असेल तिथंच खुंटी हवी. जुन्या कॅबिनेटमध्ये आधीच्या बोर्डाची एखादी जादा खुंटी राहिलेली असते, तीच घात करते. ती काढा. स्क्रू सगळे आधी सैल लावा, मग आळीपाळीनं आवळा, पण फार नको.

२४ पिनांची मोठी वायर सगळ्याजणी लावतात. वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ४ किंवा ८ पिनांची वायर मात्र राहून जाते. मग पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच. तसं झालं तर प्लग काढून आधी ही वायर आणि रॅमचा खटका तपासा, दुकानात नंतर जा.