ढगातले सुसाट इलेक्ट्रॉन

हवेतून धावणाऱ्या इलेक्ट्रॉनाला रेणूंशी होणाऱ्या टकरींमुळे जो अवरोध होतो, तो इलेक्ट्रॉनाच्या ऊर्जेबरोबर आधी वाढतो, शंभर-दीडशे इलेक्ट्रॉन-व्होल्टपाशी शिगेला पोहोचतो आणि तेथून थेट दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासपर्यंत उतरत जातो. (एक व्होल्टचे विभवांतर ओलांडताना इलेक्ट्रॉन कमावतो ती ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट.) या उतारावर बोट ठेवून स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी १९२५ साली असे मांडले, की मुळात वेगवान असलेला इलेक्ट्रॉन गडगडाटी ढगाच्या विद्युत्क्षेत्रात सापडला तर तो मंदावण्याऐवजी अधिकाधिक वेग घेत सुसाट सुटेल. समुद्रसपाटीच्या हवेत त्यासाठी मीटरला सुमारे २.२ लाख व्होल्टचे क्षेत्र पुरते, तर साध्या ठिणगीला सुमारे ३० लाख लागतात. आणि बलूनमधून घेतलेल्या मोजमापांत ढगांतील क्षेत्रे ठिणगीच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली, पण सुसाट मर्यादेच्या आसपास आढळत आली आहेत.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. असा एक इलेक्ट्रॉन टकरीत दुसऱ्यालाही सुसाट सुटण्याइतका वेगवान करून सोडतो आणि त्यातून लोंढा तयार होतो, हे अलेक्झांडर गुरेविच व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवले. असे इलेक्ट्रॉन हवेतील अणूंजवळून वळताना गॅमा किरण सोडतात; आणि दूरच्या विश्वातील गॅमा किरण टिपण्यासाठी सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेला खालच्या पृथ्वीकडूनच मिलिसेकंदभराची गॅमा स्फुरणे येताना दिसल्याचे १९९४ मध्ये गेराल्ड फिशमन व सहकाऱ्यांनी जाहीर केले.

खरा रस आहे तो गणित आणि मोजमाप समोरासमोर आणण्यात. इलेक्ट्रॉनांचा हिशेब माँटे कार्लो पद्धतीने होतो: प्रत्येक कणाची पुढची टक्कर कोणती, केव्हा आणि किती कोनातून, हे संगणक संभाव्यतेच्या नियमांनुसार यादृच्छिक संख्यांवरून ठरवतो आणि असे लक्षावधी प्रवास एकत्र मांडतो. यातून एक विलक्षण गोष्ट हाती येते. क्षेत्र तीव्र केले तर प्रत्येक इलेक्ट्रॉन मीटरमागे अधिक ऊर्जा कमावतो, पण लोंढा वाढण्यास लागणारे अंतर त्याच प्रमाणात आखूड होते, त्यामुळे एका वाढीमागे कमावलेली ऊर्जा जवळपास तेवढीच राहते आणि इलेक्ट्रॉनांची सरासरी ऊर्जा सुमारे ७० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टवर स्थिरावते. सुसाट मर्यादेच्या वर क्षेत्र कितीही असो, सुरुवात कोणत्याही इलेक्ट्रॉनापासून होवो, ऊर्जेचा वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती कण याची मांडणी, जवळपास बदलत नाही. या विषयात याहून देखणा निष्कर्ष नाही.

या स्थिर वर्णपटाचा उपयोग जोसेफ ड्वायर आणि डेव्हिड स्मिथ यांनी २००५ साली करून घेतला. सौरज्वालांच्या अभ्यासासाठी सोडलेल्या रेसी उपग्रहाने टिपलेल्या प्रत्येक स्फुरणात फोटॉन, म्हणजे गॅमा किरणांचे कण, मोजकेच होते, म्हणून अनेक स्फुरणांची बेरीज करून वर्णपट काढण्यात आला आणि तो वेगवेगळ्या उंचीवरून निघालेल्या लोंढ्यांच्या संगणकीय प्रतिरूपणांशी ताडून पाहण्यात आला. मूळ वर्णपट ठरलेला असल्याने वाटेत किती हवा लागली एवढाच फरक उरत होता, आणि उत्तर आले १५ ते २१ किलोमीटर. तोवर ही स्फुरणे ३० किलोमीटरच्या वर, ढगांवर उमटणाऱ्या स्प्राइट नावाच्या तांबड्या प्रकाशझोतांजवळ घडत असावीत असा समज होता. या एका तुलनेने त्यांचे उगमस्थान ढगांच्या माथ्यापर्यंत खाली आणले.

तुलना जुळली नाही, तेव्हा दोष नेहमी गणिताचाच निघाला असे नाही. कॉम्प्टन वेधशाळेची उपकरणे एवढ्या दाट फोटॉनवर्षावात काही फोटॉन मोजायला चुकत होती, त्यामुळे तिचे वर्णपट नव्याने तपासावे लागले. इटलीच्या अजिले उपग्रहावरून २०११ मध्ये १० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतचे फोटॉन नोंदले गेले तेव्हा लोंढ्याचा सिद्धान्तच अपुरा ठरतो की काय असे वाटले. २०१९ च्या फेरतपासणीत मात्र त्या जादा ऊर्जेमागे बहुतांशी उपकरणाचीच मर्यादा दिसून आली. उलट बाजूही तपासली गेली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, कणभौतिकीसाठी विकसित झालेल्या जिअँट-४ या संगणक-संचात इलेक्ट्रॉनाची पावले नेहमीच्या मोजणीप्रमाणे लांब ठेवली, तर लोंढा सुरू होण्याची शक्यता चुकीची येते, असे आढळले. दोष दोन्ही बाजूंनी असू शकतो, म्हणून गणिताची पावले तपासून घ्यावीत आणि प्रतिरूपणातील फोटॉनही उपकरणाच्या प्रतिकृतीतून पार करून, मगच ते मोजमापाशेजारी ठेवावेत, हीच रास्त रीत होय.

याच रीतीचा एक भारतीय प्रयोग उटीला झाला, जरी तेथे मोजले गेले ते इलेक्ट्रॉनाचे सुमारे २०७ पट जड भाईबंद, म्युऑन. १ डिसेंबर २०१४ रोजी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ग्रेप्स-३ प्रयोगशाळेवरून एक वादळ गेले आणि म्युऑनांची संख्या सुमारे दोन टक्क्यांनी घटली. वैश्विक किरणांतून येणाऱ्या म्युऑनांत धनभारित थोडे अधिक असतात, त्यामुळे ढगातील विभवांतराने एकूण गणतीत फरक पडतो. तो फरक कोणत्या विभवांतराने पडेल, हे प्रतिरूपणातून पाहिले असता १.३ अब्ज व्होल्ट हे उत्तर निघाले, आणि ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. विल्सन यांनी १९२९ सालीच अब्ज व्होल्टचा अंदाज वर्तवला होता.

मात्र लोंढा आपला उगम विसरतो, हाच त्याचा गुण लोंढ्याचे पहिले इलेक्ट्रॉन आले कोठून हे शोधताना अडचणीचा ठरतो. वैश्विक किरणांनी पुरवलेले इलेक्ट्रॉन ढगात सुमारे लाखपट वाढले, तरी एका स्फुरणाला लागणाऱ्या १० चा १७ वा घात एवढ्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब लागत नाही. उरलेली बीजे, म्हणजे लोंढा सुरू करणारे इलेक्ट्रॉन, विजेच्या वाढत्या टोकाजवळच्या प्रखर क्षेत्रातून येतात, की ड्वायर यांनी सुचवल्याप्रमाणे मागे वळणारे पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनांचे धनभारित जुळे) आणि क्ष-किरण लोंढ्याच्या आरंभी नवे इलेक्ट्रॉन पेरतात, हे वर्णपटावरून सांगता येत नाही, कारण दोन्हींचा वर्णपट एकच असतो. काळाची नोंद मात्र या दोहोंत फरक करू शकते. जुलै २०२३ मध्ये नासाच्या ईआर-२ विमानाने २० किलोमीटर उंचीवरून उष्णकटिबंधीय वादळांवर केलेल्या उड्डाणांत मिलिसेकंदांच्या गॅमा स्पंदांच्या माळा टिपल्या गेल्या, आणि त्यांच्यासोबत विजेची रेडिओ वा प्रकाशीय खूण सापडली नाही. जेथे ठिणगीच दिसत नाही तेथे बीजे ठिणगीच्या टोकातून आली, असे म्हणणे अवघड आहे. त्यामुळे या माळांमधील स्पंदांचे अंतर प्रतिरूपणातून काढून दाखवणे, हे काम आता दोन्ही मतांच्या पुढ्यात आले आहे.