हात तोच, चेंडू वेगळा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. धुळ्याला मुलींचे सॉफ्टबॉलचे सामने होते आणि माझी भाची जळगावच्या एका संघातून पिचर म्हणून खेळत होती. तिच्या अब्बांना दुकान सोडून येता येईना, म्हणून मामू या नात्याने मी सोबत गेलो. कवितेच्या माणसाला मैदानाचं काय कळणार, असं घरच्यांचं मत होतं आणि ते खरंही होतं.

पोरगी अंगाने लहानखुरी, पण हाताला विजेसारखा वेग. पहिल्या दोन डावांत समोरच्या मुलींना तिचा चेंडू दिसलाच नाही. तिसऱ्या डावापासून मात्र बॅट चेंडूला लागायला लागली आणि पाचव्या डावात तर प्रत्येक चेंडू मैदानाच्या टोकाला जाऊ लागला. आम्ही हरलो. परतीच्या बसमध्ये पारोळा गेलं, एरंडोल आलं, तरी तिचे डोळे कोरडे होईनात. ‘‘मामू, मी तर शेवटपर्यंत पूर्ण जोर लावला होता,’’ एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. जळगाव जवळ आल्यावर म्हणाली, ‘‘आता खेळणार नाही.’’

दुसऱ्या दिवशी मी तिच्या प्रशिक्षकांना भेटलो. ते म्हणाले, ‘‘तिचा जोर कमी पडला नाही. तिचा प्रत्येक चेंडू सारखा होता, म्हणून आपण हरलो.’’ हे सारखेपण म्हणजे काय, ते मला पुढच्या काही महिन्यांत उमगलं. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा धाकटा भाऊ. १८८७ साली अमेरिकेत शिकागो शहरात तो जन्मला. प्रत्येक संघात नऊ खेळाडू, सामना सात डावांचा. पिचर कमरेखालून हात फिरवून चेंडू टाकते. समोर बॅटर, तिच्या मागे बसलेली कॅचर. चेंडू १७ इंच रुंदीच्या होम प्लेटवरून, साधारण छाती ते गुडघे या उंचीतून गेला आणि बॅटरने सोडला, तर तो ‘स्ट्राइक’. मारायला जाऊन चुकला तरी स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर बाद. चेंडू त्या चौकटीबाहेरून गेला आणि बॅटरने सोडला तर तो ‘बॉल’. असे चार झाले की तिला फुकटात पहिला बेस मिळतो. म्हणजे पिचरला चौकटीपासून फार दूर जाता येत नाही आणि चौकटीच्या मध्यावर टाकला तर मार बसतो.

आता थोडा हिशेब करू. मुलींच्या खेळात पिचर आणि होम प्लेट यांच्यात ४३ फुटांचं, म्हणजे सुमारे १३ मीटरचं अंतर असतं. पिचर पुढे झेप घेऊन चेंडू सोडते, त्यामुळे चेंडूला प्रत्यक्षात साडेअकरा मीटरच्या आसपास प्रवास करावा लागतो. समजा, चेंडूचा वेग ताशी ८० किलोमीटर आहे. तो बॅटरपर्यंत जेमतेम अर्ध्या सेकंदात पोचतो. त्यातला बराच वेळ बॅट फिरवण्यातच जातो. म्हणजे चेंडू पिचरच्या हातून सुटल्यावर थोड्याच वेळात मारायचं की सोडायचं हे ठरवावं लागतं. तो अर्ध्या वाटेवर येईपर्यंत निर्णय झालेला असतो. बॅटर चेंडू शेवटपर्यंत पाहून मारत नाही. तो कधी आणि कुठे येईल याचा अंदाज बांधून मारते.

हा अंदाज मागच्या चेंडूंवरून बांधला जातो. माझ्या भाचीने दहा चेंडू त्याच वेगाने, त्याच उंचीवर टाकले आणि समोरच्या मुलींना अकराव्याचं घड्याळ लावून दिलं. पिचरचं खरं काम हे घड्याळ बिघडवण्याचं असतं.

ते दोन रीतींनी बिघडवता येतं. पहिली रीत वेगाची. आताच्या हिशेबात एक चेंडू ताशी ६० किलोमीटर वेगाने टाका. बॅटरने ८० च्या अंदाजाने बॅट फिरवली, तर बॅट प्लेटवर पोचते त्या क्षणी चेंडू अजून जवळपास नऊ फूट लांब असतो. बॅट हवेत फिरून जाते आणि चेंडू मागाहून येतो. या हळू चेंडूला ‘चेंज अप’ म्हणतात. तो टाकताना हात हळू फिरवायचा नसतो, हात त्याच वेगाने फिरतो. चेंडू बोटांच्या टोकांवर न धरता तळव्यात खोल धरायचा किंवा सोडताना मनगटाचा झटका द्यायचा नाही, म्हणजे हाताचा वेग चेंडूत पुरता उतरत नाही.

क्रिकेटच्या रसिकांना हे नवं नाही. श्रीरामपूरचा झहीर खान आठवा. २०११ च्या विश्वचषकात अहमदाबादला उपांत्यपूर्व सामन्यात त्याने ऑस्ट्रेलियाच्या माइक हसीचा त्रिफळा उडवला तो बोटांच्या पेरांवर धरलेल्या हळू चेंडूने. धाव तीच, हात तोच, फक्त चेंडू उशिरा आला.

दुसरी रीत जागेची. शरीराजवळचा चेंडू मारायचा तर बॅट लवकर, प्लेटच्या पुढेच चेंडूला भेटावी लागते. लांबचा, बाहेरच्या कडेचा चेंडू थोडा आत येऊ देऊन उशिरा मारावा लागतो. म्हणून एकाच वेगाचे दोन चेंडू असले तरी छातीजवळचा उंच चेंडू बॅटरला वेगवान वाटतो आणि गुडघ्याजवळचा बाहेरचा चेंडू सावकाश वाटतो. जिच्या हातात एकच वेग आहे, तिलाही जागा बदलून बॅटरची वेळ चुकवता येते. लहान चणीच्या मुलींसाठी ही केवढी दिलाशाची गोष्ट! हाडापेराने वेगाला मर्यादा घातली असली तरी जागेला ती नाही.

शिवाय चेंडूला फिरकी देता येते. खाली झुकणारा ‘ड्रॉप’, बाजूला वळणारा ‘कर्व्ह’ आणि वर चढल्यासारखा वाटणारा ‘राइज’. यातला राइज बहुतेक वेळा खरोखर चढत नाही. उलट्या फिरकीमुळे तो अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो. डोळ्याने खालचा अंदाज बांधलेला असतो, म्हणून तो उसळल्यासारखा भासतो.

खरी गंमत वेग आणि जागा यांच्या जोडणीत आहे. पहिला चेंडू बाहेरच्या कडेला, गुडघ्यापाशी. दुसरा आत, छातीजवळ, पूर्ण वेगाने. बॅटर मनात म्हणते, आता लवकर फिरवायला हवी. तिसरा चेंज अप, पुन्हा खाली. कॅचर बॅटरचे पाय पाहते, ती प्लेटजवळ सरकली की मागे गेली ते टिपते आणि बोटांनी खूण करते. दोन स्ट्राइक झालेल्या बॅटरला चौकटीतला चेंडू द्यायची घाई नसते, किंचित बाहेरचा चेंडूही ती भीतीने मारायला जाते. तीन बॉल झाले की मात्र पिचरचे हात बांधले जातात. तेव्हाही जी धीराने हळू चेंडू चौकटीत टाकू शकते, ती खरी पिचर.

आम्हा गझलवाल्यांना हे ओळखीचं वाटावं. मतला ऐकला की रदीफ श्रोत्याला कळलेली असते, ती येणार हे त्याला ठाऊक असतं. मात्र कोणत्या वाटेने येणार हे कळलं, तर शेर तिथेच मेला.

हे सगळं मी घरी रंगवून सांगत होतो, तेव्हा माझी बहीण म्हणाली, ‘‘भाईजान, पोरीला फसवायला शिकवताय का?’’ प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी नियम वाचून पाहिले. पिचरने चेंडू दोन्ही हातांत घेऊन क्षणभर स्थिर राहायचं असतं. एकदा हात सुरू झाला की मध्ये थांबायचं नाही, टाकल्याचं नाटक करून चेंडू हातात ठेवायचा नाही, चेंडूला काही फासायचं नाही. तसं केलं तर पंच तो चेंडू अवैध ठरवतात. म्हणजे खेळाने चकवायची मुभा दिली आहे, पण उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बहिणीचं एवढ्याने समाधान झालं.

मग गच्चीवर सराव सुरू झाला. भिंतीवर खडूने चौकट आखून तिचे चार भाग केले. धाकटा भाऊ कॅचर झाला. माझं काम एकच: भिंतीपाशी बाजूला उभं राहून, चेंडू सुटण्याआधी ‘हळू’ किंवा ‘जोरात’ असं ओरडायचं. पहिले पंधरा दिवस मी क्वचितच चुकलो. तिने विचारलं, ‘‘तुम्हाला कळतं कसं?’’ हळू चेंडू टाकण्याआधी ती ओठ दाबायची. बोटं, मनगट, खांदा सगळं जागच्या जागी होतं, ओठच चुगली करत होते. मला जे गच्चीवर दिसलं, ते धुळ्यातल्या मुलींना मैदानात दिसलंच असतं.

मोठे खेळाडूही याच वाटेने जातात. बीजिंगच्या २००८ च्या ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकले. पहिल्या दिवशी तिला दोन सामने खेळावे लागले. त्यातला एक अमेरिकेविरुद्धचा होता आणि तो जपान हरला. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत पुन्हा अमेरिकाच समोर आली आणि या वेळी जपानने सुवर्ण जिंकलं. तिचा वेग जबर होता, यात शंका नाही. पण आदल्या दिवशी तिचा चेंडू पाहून गेलेल्या संघाला नुसत्या वेगाने पुन्हा रोखता आलं असतं, असं मला वाटत नाही. २०२१ मध्ये टोकियोतही जपानने अमेरिकेलाच हरवलं आणि तेव्हाही चेंडू उएनोच्या हातात होता. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पुन्हा असणार आहे.

आपल्या खानदेशातही शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर हा खेळ खेळला जातो. कधी बघायला गेलात तर बाजूला बसू नका, कॅचरच्या मागच्या जाळीपाशी उभे राहा. प्रत्येक चेंडूआधी मनाशी म्हणा, आत की बाहेर, हळू की जोरात. तुमचं उत्तर सारखं बरोबर येऊ लागलं, तर समजा त्या पिचरचा दिवस कठीण आहे.

पुढच्या वर्षी जळगावात सामने झाले तेव्हा मी तिथेच उभा होतो. धुळ्याची तीच बॅटर समोर होती, दोन स्ट्राइक झाल्या होत्या. मी मनात ‘जोरात’ म्हटलं. चेंडू हळू आला आणि बॅट केव्हाच फिरून गेली होती. सामना संपल्यावर भाची धावत माझ्याकडे आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, ‘‘मामू, ओठ दाबले नव्हते ना?’’