एक पासवर्ड, थांबलेली बिलं

अमेरिकेतली अनेक रुग्णालयं, दवाखाने आणि औषध दुकानं यांची विम्याची बिलं ‘चेंज हेल्थकेअर’ या कंपनीमार्फत पुढे सरकतात. २०२४ च्या सुमारास वर्षाला सुमारे १५ अब्ज व्यवहार!

१२ फेब्रुवारी २०२४ रोजी चोरलेलं युजरनेम-पासवर्ड वापरून हल्लेखोर कंपनीच्या दुरून लॉगिन करण्याच्या सिट्रिक्स पोर्टलमधून आत शिरले. ओटीपीसारखी दुसरी पडताळणी त्या पोर्टलवर नव्हतीच. नऊ दिवस ते आत वावरले, माहिती उचलली आणि २१ तारखेला रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) सोडलं. कंपनीला यंत्रणा बंद करावी लागली. औषधाच्या काउंटरवर रुग्णाचा विमा तपासता येईना. छोट्या दवाखान्यांना कर्मचाऱ्यांचे पगार भागवणं अवघड झालं.

मालक कंपनी युनायटेडहेल्थचे तत्कालीन प्रमुख अँड्र्यू विटी यांनी १ मे रोजी सिनेटसमोर २.२ कोटी डॉलरची खंडणी दिल्याचं मान्य केलं. तरीही सुमारे १९ कोटी लोकांची माहिती फुटलीच.

अशा यंत्रणेत किमान एवढं हवंच:

● प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र लॉगिन. एकच पासवर्ड चौघांत नको.
● दुसरी पडताळणी सर्वांना सक्तीची, अगदी वरिष्ठांनाही.
● बिल भरणाऱ्याकडे बँक खातं बदलण्याचा अधिकार नको.
● नोकरी सोडणाऱ्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद.