हृदय कशाविरुद्ध ढकलतं?

परळच्या केईएम रुग्णालयाचं नाव निघालं की १९६८ चा फेब्रुवारी हमखास आठवला जातो. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तिथं भारतातलं पहिलं मानवी हृदयप्रत्यारोपण केलं. केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं प्रत्यारोपण केलं, त्याला तेव्हा तीन महिनेही उलटले नव्हते. केईएम हे १९२६ साली सुरू झालेलं महापालिकेचं रुग्णालय. त्याला जोडलेल्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजसाठी देणगी देताना अट होती की डॉक्टर भारतीयच नेमायचे. तिथल्या मंडळींनी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करत करत जगाच्या बरोबरीनं पाऊल टाकलं, हे साधं नव्हे. पण रुग्ण जेमतेम तीन तास जगला. सेन यांनी त्याच वर्षी दुसरं प्रत्यारोपण केलं. तो रुग्णही दिवसभर टिकला नाही. म्हणून या प्रकरणाकडे एक तर अभिमानानं पाहतात, नाही तर फसलेलं धाडस म्हणून ते बाजूला सारतात. दोन्हीकडे मुद्दा निसटतो. त्या तीन तासांनी दाखवलं ते असं की हृदयाची ताकद एकट्या हृदयात मोजता येत नाही. ते कशाविरुद्ध रक्त ढकलतंय, हेही सोबत मोजावं लागतं.

बर्नार्ड यांचे पहिले रुग्ण लुई वॉशकान्स्की अठरा दिवस जगले आणि न्यूमोनियानं गेले. परकं हृदय शरीरानं नाकारू नये म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती दाबली होती, आणि संसर्गाला तिथूनच वाट मिळाली. मुंबईचं कारण वेगळं होतं. तिथं दोष फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांकडे गेला. आजारी हृदयाला रक्त पुढे लोटता आलं नाही की ते मागे फुप्फुसांत तुंबतं, आणि वर्षानुवर्षं तुंबल्यावर तिथल्या बारीक वाहिन्या जाड होऊन आवळतात. दात्याच्या निरोगी हृदयाचा उजवा कप्पा जन्मभर हलक्या दाबाविरुद्ध काम करत आलेला असतो. त्याच्यापुढे अचानक हा अडसर उभा राहतो. तापीकाठच्या केळीच्या मळ्यात कोणीही सांगेल की पुढची लाइन गाळानं चोंदली असेल तर मोटर नवी आणून भागत नाही. आज प्रत्यारोपणाआधी कॅथेटर घालून फुप्फुसांतला रोध मोजतातच, आणि तो फार असून औषधानंही उतरत नसेल तर नुसतं हृदय बदलणं टाळतात. एका रुग्णाच्या तीन तासांवर एवढा डोलारा उभारू नये, असं कोणी म्हणेल. ते रास्तच आहे, पण पुढचा पुरावा एका रुग्णाचा नाही.

तो पुरावा औषधांचा आहे, आणि त्याचा एक धागा पुन्हा केईएमकडेच जातो. तिथले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या गोळ्या उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन केलेली पाहणी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापली. जगाचं लक्ष त्या मुळीकडे गेलं, १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि १९५७ मध्ये वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. रिसर्पिन पुढे मागे पडलं. काही रुग्णांना त्यानं उदासीनता येते, ही तक्रार होती. दाब उतरवण्याची दिशा मात्र बरोबर होती. अमेरिकेत साठीपुढच्या ४,७३६ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये आले: बीपीवर उपचार घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअरचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. ज्यांचं हृदय आधीच पार थकलं होतं अशा २५३ रुग्णांपैकी निम्म्यांना एनालाप्रिल, म्हणजे वाहिन्या सैल करणारं औषध, दिलं गेलं. १९८७ मधल्या त्या चाचणीत सहा महिन्यांतले मृत्यू ४४ टक्क्यांवरून २६ वर आले. आता उलटी बाजू पाहा. मिलरिनोन हृदयाला जोरानं आकुंचन पावायला लावतं. १९९१ मध्ये १,०८८ रुग्णांच्या चाचणीत ते रोज तोंडानं देऊन पाहिलं, तर मृत्यू २८ टक्क्यांनी वाढले. थकलेल्या हृदयाला चाबूक मारला की ते मरतं आणि ओझं कमी केलं की जगतं, असं मी या दोन चाचण्यांवरून बेधडक म्हणेन.

सगळ्यात वजनदार आक्षेप टू-डी इकोच्या आकड्याचा आहे. डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, तो आकडा म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, डॉक्टरांच्या तोंडी ‘ईएफ’. भारतातल्या ५३ रुग्णालयांतून १०,८५१ रुग्णांची जी राष्ट्रीय नोंद झाली, तिच्यात सुमारे दोन तृतीयांश लोकांचा ईएफ ४० च्या खाली होता. म्हणजे आपल्याकडे पंपच नादुरुस्त असतो, मग दाबाचं पालुपद कशाला? हार्ट ॲटॅकनं मेलेला स्नायू दाब उतरवून जिवंत होत नाही, हे खरं. तरीही ईएफ ही हृदयाची निखळ ताकद नव्हे. डावी झडप गळत असेल तर बरंचसं रक्त मागे, हलक्या दाबाच्या कप्प्यात सांडतं. तेही ‘बाहेर पडलेलं’ म्हणून मोजलं जातं आणि आकडा गोजिरवाणा दिसतो. झडप दुरुस्त केली की तोच आकडा खाली येतो, कारण आता सगळं रक्त महाधमनीच्या दाबाविरुद्ध ढकलायचं असतं. शिवाय ईएफ चांगला असूनही जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात, असे रुग्ण असतातच. त्यांतल्या बहुतेकांमागे वर्षानुवर्षांचं बीपी असतं. ईएफ लागतोच, कारण कोणाला कुठलं औषध द्यायचं हे त्यावरून ठरतं. पण इकोच्या कागदावर रुग्णाचा त्या वेळचा बीपी नसेल तर तो आकडा अर्धवट आहे.

बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं चांदनी हे भुसावळ–खंडवा मार्गावर असीरगड रोड आणि नेपानगर यांच्या मधलं छोटं स्टेशन. असल्या ठिकाणी प्रत्यारोपणाची गोष्ट काढणं हास्यास्पद वाटेल, पण केईएमच्या त्या तीन तासांचा अर्थ लावायचा तर इथंच लावावा लागतो. ओझं मोजणारा बीपीचा पट्टा आशाताईंच्या गावातल्या उपकेंद्रापर्यंत पोचतो. कॅथेटर पोचत नाही. गरिबांना पट्टा आणि श्रीमंतांना इको, अशी ही वाटणी होईल, ही शंका मला पटते. धाप आणि सूज असलेल्या माणसाला एकदा तरी इको मिळायलाच हवा, मग खंडव्याला जावं लागो की जळगावला. पण तो माणूस त्या अवस्थेला पोचण्याआधीची दहा-पंधरा वर्षं पट्ट्याचीच असतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या पाच राज्यांत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही होते. त्याची पद्धत अगदी रुक्ष आहे: मोजकी ठरलेली औषधं, डोस वाढवण्याचा ठरलेला क्रम, घराजवळ महिन्याच्या गोळ्या आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा. बीपी दुखत नाही, म्हणून गोळ्या सोडणाऱ्यांची संख्या मोठी असते, आणि उपकेंद्रात साठा संपला की नेटानं घेणाराही थांबतो.