मनीचे पोट आणि घरचे औषध

मांजर कसेही पडले तरी चार पायांवर पडते, या एका समजुतीच्या बळावर आपण त्याच्या दुखण्याकडे फारसे बघत नाही. सातारा-सांगलीकडच्या जुन्या वाड्यांतून ते एका अर्थी खपूनही जाई. मांजर माळ्यावरच्या धान्याचे राखणदार. पोटाची सोय ते स्वतःच करी, आणि घरातून मिळे ती वाटीभर दूध-भाताची बक्षिसी. पुढे वाड्यांच्या जागी सदनिका उठल्या, माळे गेले, उंदीरही पांगले. मांजर मात्र राहिले, आणि पूर्वीची बक्षिसी हेच त्याचे दोन वेळचे जेवण होऊन बसले. पोटाच्या निम्म्या तक्रारींचे मूळ येथे आहे.

दूध आणि मांजर यांची जोडी आपल्या मनात इतकी पक्की आहे की दुधाने मांजराला बाधते, हे सांगितले तर गृहिणींना हसू येईल. पण गोष्ट खरी आहे. दुधातली साखर पचवायला जो पाचकरस लागतो, तो पिल्लू आईपासून तुटले की बहुतेक मांजरांत कमी होत जातो. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, आंबते, पोट गुरगुरते आणि ढाळ लागते. त्यातून आपल्याकडचे म्हशीचे दूध म्हणजे शेकडा सात भाग स्निग्धांश! मनी जुलाबाने रोडावली म्हणून घरातली आजी तिला आणखी साय घालते, आणि दुखणे हटण्याऐवजी वाढते. काही मांजरांना थोडे दूध सोसते, नाही असे नाही. परंतु जुलाब होत असताना पहिले पथ्य दूध बंद करण्याचे. पाणी मात्र भरपूर हवे.

नुसत्या दूध-भातावरच्या मांजराची आणखी एक उपासमार होते, ती दिसत नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांसात असते, भातात नसते, आणि मांजराचे शरीर ते स्वतः पुरेसे बनवू शकत नाही. ते न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते, हे संशोधकांनी १९७५ साली दाखविले. हृदय दुबळे होऊन फुगते, हे १९८७ साली. शाकाहारी घरांना हे ऐकून अवघड वाटेल. पण सोवळे आपले असते, मांजराचे नव्हे. बाजारात मांजरांसाठी तयार मिळणारे खाद्य गॅलरीत ठेवावे, म्हणजे स्वयंपाकघरही बाटणार नाही.

मांसाहारी घरांत चूक निराळी होते. रश्शातले तुकडे उष्टे म्हणून मांजरापुढे टाकले जातात, आणि आपला रस्सा म्हणजे कांदा-लसूण मसाला. तिखटाने त्याचे पोट जळते ते वेगळेच. कांदा आणि लसूण शिजलेले असोत की कच्चे, मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. दोन-चार दिवसांनी ते मलूल होते, हिरड्या पांढुरक्या पडतात, आणि कुणाला रश्शाची आठवणही राहत नाही. मांजरासाठी दोन तुकडे मीठ-मसाला पडण्याआधीच उकडून, काटे-हाडे काढून बाजूला ठेवावेत.

आता दिवाळी. या दिवसांत मला खरी धास्ती वाटते ती फराळाची नव्हे, दोऱ्याची. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या, मिठाईच्या पुड्याचा दोरा, गजऱ्याची सुतळी, शिवणाच्या यंत्राखाली पडलेले रीळ. मांजराला यापरते खेळणे नाही. आणि मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात. दोरा एकदा जिभेवर चढला की तो थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. मग त्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी नाही तर जठराच्या तोंडाशी अडकते, आणि उरलेला दोरा आतड्यात पुढे सरकत राहतो. लेंग्याच्या नेफ्यात नाडी ओढली म्हणजे जशा चुण्या पडतात, तशा त्या आतड्याला पडतात. शेवटी ताणलेला दोरा आतडे कापू लागतो. मांजर ओकते, खाणे सोडते, अंग आक्रसून कोपऱ्यात बसते. तोंडातून किंवा शौचाच्या जागी दोऱ्याचे टोक दिसले तर ते ओढू नये. हे मी मुलाबाळांच्या घरासाठी मुद्दाम लिहितो, कारण पहिला मोह ओढण्याचाच होतो. तसेच उचलून डॉक्टरकडे न्यावे. बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते, आणि ती जितकी लवकर तितकी बरी.

प्रत्येक ओकारीला धावत सुटावे असे मात्र नाही. मांजर अंग चाटते, केस पोटात जातात, आणि केव्हातरी त्यांची वळकटी होऊन बाहेर पडते. गवत खाऊन ओकणेही नेहमीचेच. ओकल्यावर ते पुन्हा खेळते-खाते आहे ना, एवढे पाहावे. पण दिवसातून तीन-चारदा ओकले, त्यात रक्त दिसले, जुलाब दोन दिवसांत थांबले नाहीत, किंवा मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू खाली बसू लागली, तर अंगातले पाणी कमी झाले आहे. मग थांबू नये.

आणि उपास. माणसाचे पोट बिघडले की लंघन हे आपले जुने औषध. मांजराला ते लागू नाही. विशेषतः लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर अंगातली चरबी यकृतात साचते आणि कावीळ होते. पुष्कळदा मूळ दुखण्यापेक्षा हेच जिवावर बेतते. मोठ्या मांजराने दिवसभर काही खाल्ले नाही, तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरला दाखवावे. पिल्लाला एवढाही अवकाश देऊ नये. पिल्लू ओकत असेल, ताप असेल, तर तो विषाणूचा आजार असू शकतो. त्यात पिल्ले एक-दोन दिवसांत दगावतात, आणि विषाणू घरात कित्येक महिने टिकतो. दीड-दोन महिन्यांच्या वयापासून त्याची लस देता येते. त्याच सुमारास जंताचे औषधही द्यावे. शेवयांसारखे जंत पिल्लांना आईच्या दुधातूनच येतात, आणि त्यांची अंडी मुलांच्या हातांमार्फत पोटात जाऊ शकतात.

सगळ्यांत मोठी फसगत बोक्याच्या बाबतीत होते. बोका मातीत किंवा तसराळ्यात बसून कुंथतो, काही होत नाही, ओरडतो. घरचे म्हणतात, बद्धकोष्ठ झाले, द्या थोडे एरंडेल. वस्तुतः पुष्कळदा त्याची लघवी तुंबलेली असते. बोक्याची मूत्रनळी अरुंद. बारीक खड्यांनी ती बुजली तर एक-दोन दिवसांत प्राण जातो. अशा वेळी रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. एरंडेल तर नकोच. जबरदस्तीने तोंडात ओतलेले तेल फुप्फुसात उतरते. माणसांसाठीचा एनिमा मांजराला विष ठरू शकतो, आणि घरोघरी असणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजर मारायला पुरेशी आहे. ती पचवून टाकण्याची शक्ती त्याच्या यकृतात नाही.

आमच्या बाजूला जनावरांचा डॉक्टर म्हणजे गाई-म्हशींचा, असा समज होता. त्यामुळे दवाखान्यात पिशवीतून मांजर न्यायला लोक अजूनही संकोचतात. हा संकोच व्यर्थ आहे. पशुवैद्यकाच्या शिक्षणात मांजरही असतेच. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय १९८८ पासून चालू आहे. त्याला क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव आहे. नानांचे गाव येडेमच्छिंद्र आज सांगली जिल्ह्यात मोडते. प्रतिसरकारच्या काळी ते साताऱ्यातच होते, दोन्ही जिल्हे १९४९ साली वेगळे झाले. सातारकरांना शिरवळ खंबाटकी घाट उतरला की जवळच. सांगलीकरांना मात्र दूर पडते. तेव्हा गावातला कोणता डॉक्टर मांजरे तपासतो आणि रात्री कोण भेटतो, हे मांजर धडधाकट असतानाच विचारून ठेवावे.

नेताना झाकणाची करंडी घ्यावी, आत त्याचेच जुने फडके घालावे. उघडे मांजर रस्त्यावरच्या फटाक्याने हातून निसटते. शौचाचा थोडा नमुना स्वच्छ डबीत घ्यावा. काय खाल्ले, किती वेळा ओकले, घरातले कोणते औषध दिले, हे न लपवता सांगावे. आणि बोका असेल तर शेवटची लघवी केव्हा झाली, ते आठवून जावे. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारील.