करवंटीचा खटला आणि पुण्यात छापलेला चिनी कायदा

मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचे पेढे वाटून झाले. ३ ऑक्टोबर २०२४ च्या त्याच निर्णयात पालीचंही नाव होतं, पण तिच्या वाट्याला बातमीची शेवटची ओळ आली. दुसरीकडे, चीनच्या कायद्याचा अभ्यास करायला आता देशोदेशीची विद्यापीठं एकत्र बसतात, त्याचं कौतुकही होतं. पण चिनीतल्या कायद्याचं असं एक काम पुण्यानं १९७० मध्येच छापून मोकळं केलंय आणि ते पालीच्या वाटेनं झालंय.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं काढलेल्या त्या पुस्तकाचं नाव 'शान-च्येन-पि-पो-शा'. नाव वाचूनच माणूस ते परत फळीवर ठेवेल. आत मात्र निखळ कायदा आहे, बौद्ध भिक्षुसंघाचा. बुद्धघोषानं पाचव्या शतकात श्रीलंकेत विनयपिटकावर, म्हणजे संघाच्या नियमग्रंथावर, 'समंतपासादिका' ही टीका लिहिली. संघभद्रानं सेंग-यी या चिनी भिक्षूच्या मदतीनं कँटनमध्ये, म्हणजे आजच्या ग्वांगझौमध्ये, ती इसवी सन ४८८-८९ च्या सुमारास चिनीत नेली. तिथून इंग्रजीत आणली पु. वि. बापटांनी, विनयाचे जाणकार जपानी पंडित अकिरा हिराकावा यांना सोबत घेऊन. फर्ग्युसनमध्ये धर्मानंद कोसंबींनी रुजवलेल्या पालीच्या परंपरेतले बापट हार्वर्डला गेले आणि १९३२ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले. पाली 'विसुद्धिमग्ग' आणि फक्त चिनीत पूर्ण उरलेला 'विमुत्तिमग्ग' हे ग्रंथ शेजारी ठेवून त्यांनी ताडून पाहिले होते.

भोर तालुक्यात न्यायाची गोष्ट निघाली की शिवाजी महाराजांनी शिक्षा केलेला रांझ्याचा पाटील आठवतो. त्या गोष्टीत लक्षात राहते ती शिक्षा. विनयात मजा आहे ती युक्तिवादाची. मूळ 'समंतपासादिके'तला एक खटला पाहा. एका भिक्षूनं नारळाची करवंटी घासूनपुसून शंखासारखी गुळगुळीत वाटी केली आणि ती मागे ठेवून तो चैत्यगिरीला गेला. दुसऱ्यानं ती चोरली आणि तोही तिथंच पोचला. मालकानं वाटी ओळखली. पाच मासे (मासा हे तेव्हाचं नाणं) किंवा अधिक किमतीची चोरी केली तर भिक्षू संघातून कायमचा बाद, असा नियम. प्रकरण वर, अनुराधपूरच्या महाविहारापर्यंत गेलं. तिथं गोदत्त थेरांनी विचारलं, चोरी झाली कुठं? जिथं झाली, तिथं नारळाचं पाणी पिऊन लोक करवंटी फेकून देतात, नाहीतर चुलीत घालतात. उरली ती हाताच्या कारागिरीची किंमत, फार तर एक मासा. भिक्षू वाचला. मालाचा भाव चोरीच्या जागेचा धरायचा, पकडल्या जागेचा नाही, हा मुद्दा आजही कुठल्याही वकिलाला पटेल.

या कायद्याला पावसाचीही जाण आहे. पावसाळ्यात भिक्षू हिरवं गवत आणि किडामुंगी तुडवत हिंडतात, अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून तीन महिने एका जागी राहायचा वर्षावासाचा नियम झाला. वेल्ह्याचा पाऊस अंगावर घेतलेल्याला तो समजावून सांगायला नको. भोरच्या वेशीजवळ, शिरवळच्या लेण्यांत भिक्षूंसाठी खोदलेल्या खोल्या आजही आहेत.

वर्षावास संपतो आश्विन पौर्णिमेला. चिनी परंपरा सांगते, की त्या सुमारास दरवर्षी विनयाच्या पोथीवर एक ठिपका द्यायचा, अशी बुद्धाच्या निर्वाणापासूनची चाल होती. संघभद्राच्या भाषांतराच्याच सुमारास कँटनमध्ये ठिपके मोजले, ते भरले ९७५. त्यावरून निर्वाणाचं साल निघतं इसवी सनापूर्वी ४८६. पौर्णिमेनंतर पौर्णिमा, शतकानुशतकं एकही ठिपका चुकला नाही, हे मानायला माझं मन तयार नाही. पण बुद्धाच्या काळाबद्दलच्या वादात विद्वान आजही या ठिपक्यांचा हिशेब धरतात, आणि ही नोंद आपल्यापर्यंत पोचली ती चिनी ग्रंथातून.

फाहियान ३९९ मध्ये चांगआनहून निघाला, तो चीनमधले विनयग्रंथ अपुरे होते म्हणून. तेव्हा चिनी माणूस कायदा शोधत इकडे आला. आता त्यातलं बरंच काही तिकडेच जपलेलं सापडतं आणि ते वाचायला पालीच्या जोडीला जुनी चिनी यावी लागते. हे कष्टाचं काम आहे, नुसत्या गौरव समारंभांनी होणारं नाही. पालीच्या दर्जासोबत जो निधी येईल, त्यातून सरकारनं आणि विद्यापीठांनी निदान काही शिष्यवृत्त्या अभिजात चिनीसाठी राखाव्यात. भोर-वेल्ह्यातून पुण्याला शिकायला येणाऱ्या मुलांनी पालीचा अर्ज भरतानाच अशा शिष्यवृत्त्यांची चौकशी करावी.