साखर उतरते तेव्हा



मधुमेह म्हटला की आपल्याला साखर वाढण्याचीच धास्ती वाटते. परमपूज्य बाबासाहेबांना या रोगाने किती छळले ते आपण जाणतोच. परंतु साखर एकाएकी उतरणे हे त्याहून घाईचे संकट आहे, आणि ते बहुधा औषधातूनच ओढवते.

वर्षावासातील एका पौर्णिमेला आम्ही हे पाहिले. एका आजींनी अष्टशील घेतले होते, म्हणजे दुपारी बारानंतर अन्न नाही. सकाळी गोळी घेतल्याचे विसरून त्यांनी ती पुन्हा घेतली, बहुधा तिसऱ्यांदाही. सायंकाळी वंदनेच्या वेळी त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. आम्ही साखरपाणी पुढे केले, तर शील मोडेल म्हणून नको म्हणाल्या. (आजारी भिक्खूला मध, काकवी अवेळीही घेण्याची अनुमती विनयात आहे, हे तेव्हा आठवले ते बरे.) पाणी पोटात जाताच पंधरा मिनिटांत त्या सावध झाल्या. मग आम्ही त्यांना घरी नेऊन झोपविले. येथेच आमची चूक झाली. पहाटे हाका मारूनही त्या उठेनात.

असे का व्हावे? ग्लिबेनक्लामाईड, ग्लिमेपिराईड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास लावतात, मग रक्तात साखर असो वा नसो. पाजलेली साखर थोड्या वेळात संपते; गोळीचा अंमल मात्र चोवीस तास, मूत्रपिंडे मंद असल्यास त्याहून अधिक राहतो. शिवाय साखर मिळताच चेतवलेले स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडते. सावध होणे म्हणजे बरे होणे नव्हे.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की कमी समजावी; ५४ च्या खाली धोका. माणूस गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, नंतर भाकरी-भात खाऊ घालावा. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज चालू असेल तर घरची साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोज पावडरच हवी. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. कांदा हुंगविण्यात वेळ दवडू नये.

गोळ्या जास्त गेल्या असतील तर माणूस ठीक दिसला तरी रुग्णालयात न्यावे आणि गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. लहान मुलाने एकच गोळी गिळली तरी हेच करावे. कोणी जाणूनबुजून घेतल्या असतील तर तेही डॉक्टरांपासून लपवू नये. तेथे शिरेतून डेक्स्ट्रोज देतात, वरचेवर साखर तपासतात; ती पुन्हा पुन्हा उतरू लागल्यास ऑक्ट्रिओटाईडचे इंजेक्शन देतात, त्याने इन्शुलिन सुटणे आवरते. निदान एक दिवस-रात्र देखरेख लागते. ‘आता बरे आहे, सोडा’ म्हणून हुज्जत घालू नये.

आजी तिसऱ्या दिवशी घरी आल्या. आता सून त्यांच्या गोळ्या वारांच्या डबीत भरून ठेवते, आणि उपोसथाआधी गोळीचे काय करायचे ते त्या डॉक्टरांना विचारतात.